ज्या गाण्याला नाटक नव्हतं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांचा एक दंडक होता. गाण्यावर वाद घालायचा असेल तर आधी गाणं पुरतं ऐकायचं आणि मग तोंड उघडायचं. म्हणून आज बोलण्याबरोबर ध्वनिमुद्रणंही आणली आहेत. विषय एकाच गाण्याचा आहे. गाणं अमेरिकन, नाव ‘ब्लू मून’. चाल रिचर्ड रॉजर्सची, शब्द लॉरेन्झ हार्टचे. १९३४ साली ते छापून बाजारात आलं. जॅझच्या गायकांनी आणि वादकांनी ते उचललं आणि त्याचं ‘स्टँडर्ड’ झालं, म्हणजे कुठल्याही मैफलीत नुसतं नाव घेतलं की सगळ्यांना वाजवता यावं असं गाणं. पुढे १९६१ साली पिट्सबर्गच्या पाच तरुणांनी त्याचं असं काही केलं की जुन्या दर्दी लोकांनी कानांत बोटं घातली आणि शाळाकॉलेजातली पोरं नाचायला लागली.

जुनं, घरंदाज गाणं पॉपवाल्यांनी नासवलं, ही तक्रार आपल्याकडेही रोज ऐकू येते. पुष्कळदा ती खरीही असते. या गाण्याच्या बाबतीत मात्र ती मला साफ अमान्य आहे. माझं म्हणणं असं की या गाण्यात सुरुवातीपासून दोन माणसं राहत होती, एक एकटं पडलेलं आणि एक आनंदानं बेभान झालेलं. जॅझनं दोघांना एका घरात नीट नांदवलं. पुढच्या लोकांनी त्यांना वेगळं काढलं आणि प्रत्येकाला मनसोक्त बोलू दिलं. हे त्यांना करता आलं, कारण या गाण्याला मुळात कुणी मालक पात्रच नव्हतं.

तिथूनच सुरुवात करतो.

रॉजर्स आणि हार्ट ही न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची जोडी. १९१९ साली दोघांची गाठ पडली, १९२५ साली ‘मॅनहॅटन’ या गाण्यानं नाव झालं. त्यांचं गाणं म्हणजे नाटकातलं गाणं. कुणीतरी पात्र, कुठल्यातरी प्रसंगात, काहीतरी मागणं मागतंय आणि ते बोलण्यातून भागत नाही म्हणून गातंय. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मंदीनं ब्रॉडवेची कंबर मोडली, तेव्हा ही जोडी हॉलीवूडला गेली. १९३३ साली ते एमजीएम या बड्या स्टुडिओच्या पगारी नोकरीत होते. तिथे ‘हॉलीवूड पार्टी’ नावाच्या चित्रपटासाठी त्यांनी एक गाणं केलं, ‘प्रेयर’. जीन हार्लो ही त्या वेळची मोठी नटी ते गाणार होती. नटी व्हायची स्वप्नं बघणारी एक मुलगी देवाकडे मागणं मागते, असा प्रसंग. तो प्रसंग चित्रित झालाच नाही आणि गाणं फायलीत पडलं.

चाल चांगली होती, टाकवेना. पुढच्या वर्षी ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ चित्रपटासाठी हार्टनं त्याच चालीवर दुसरे शब्द बसवले, चित्रपटाचं शीर्षकगीत म्हणून. तेही कापलं गेलं. मग त्याच चित्रपटात नाइटक्लबचा प्रसंग निघाला आणि हार्टनं तिसऱ्यांदा शब्द लिहिले. ‘द बॅड इन एव्हरी मॅन’ या नावाचं हे गाणं शर्ली रॉस या गायिकेनं पडद्यावर गायलं. प्रत्येक पुरुषातला वाईटपणाच आपल्या वाट्याला येतो, असं म्हणणारी ती बाई आहे. गाणं चाललं नाही. चित्रपटाला मात्र एका भलत्याच कारणानं इतिहासात जागा मिळाली. जॉन डिलिंजर हा गाजलेला बँकलुटारू २२ जुलै १९३४ रोजी शिकागोच्या बायोग्राफ थिएटरात हाच चित्रपट बघून बाहेर पडला आणि केंद्रीय पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. म्हणजे मरणाआधी तासा-दोन तासांत ही चाल त्याच्या कानांवरून गेली असणार.

मग एमजीएमच्या संगीत प्रकाशनाचं काम बघणारा जॅक रॉबिन्स मध्ये पडला. त्याचं म्हणणं असं की चाल सोन्यासारखी आहे, शब्द बाजारात चालतील असे द्या, मी ती वाजवून घेईन. हार्टला बाजारू शब्दांची चीड होती. चंद्राची आणि प्रेमाची यमकं जुळवणं हा त्याच्या दृष्टीनं नवशिक्यांचा धंदा. तरी त्यानं चौथ्यांदा लेखणी उचलली. नाटकासाठी किंवा चित्रपटासाठी न लिहिता इतकं गाजलेलं या जोडीचं हे एकमेव गाणं.

मराठी माणसाला यात आश्चर्य वाटू नये. ‘सौभद्रा’ची जुनी प्रत उघडा, पदाच्या डोक्यावर ‘चाल अमुक’ असं छापलेलं असतं. आधीपासून लोकांच्या कानात असलेल्या चालीवर अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली कृष्ण-अर्जुनाचे शब्द बसवले. पुढे भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवरा’च्या पदांना रागदारीतल्या बंदिशींची बैठक दिली. चाल एकीकडून येते, शब्द दुसरीकडून, आणि दोघांचा संसार जुळला की आपण कुळ विचारत नाही. फरक एवढाच की आपल्या पदाला शेवटी रुक्मिणी नाहीतर सुभद्रा मिळाली. हार्टच्या चौथ्या गाण्याला कुणीच मिळालं नाही. ते गाणारा ‘मी’ कोण, बाई की पुरुष, कुठल्या गावचा, काळा की गोरा, याचा त्यात मागमूस नाही. त्यामुळे त्या गाण्याचं दार सगळ्यांना उघडं राहिलं.

आता चालीकडे येऊ. थोडं तांत्रिक बोलतो, पण ते टाळून पुढचं काही समजणार नाही.

बत्तीस बारचं, म्हणजे तालाच्या बत्तीस छोट्या आवर्तनांचं गाणं. मुखडा दोनदा, मग अंतरा, मग पुन्हा मुखडा. शीर्षकाचे दोन्ही शब्द एकाच स्वरावर, पंचमावर उभे आहेत. गाणारा चंद्राला हाक मारतो आणि तिथेच थांबतो. खाली मात्र कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, फिरत असतात. पहिली कॉर्ड षड्जावरची, दुसरी धैवतावरची, तिसरी रिषभावरची, चौथी पंचमावरची, की पुन्हा षड्ज. या चार कॉर्डांचं चक्र मुखडाभर फिरतं. धैवतावरची आणि रिषभावरची कॉर्ड मायनर, म्हणून त्यात उदासीची झाक. पंचमावरची कॉर्ड घराकडे ओढणारी. दर दोन बारांनी माणूस घरी येतो आणि दर दोन बारांनी घराबाहेर पडतो. एकटेपणाची येरझार यापेक्षा साध्या साधनांनी कुणी बांधलेली मला माहीत नाही.

अंतऱ्यात शब्दांची कथा वळण घेते, ज्याची वाट बघत होतो ते माणूस अचानक समोर येतं. नेमक्या त्या ठिकाणी रॉजर्स काय करतो बघा. अंतऱ्याच्या मध्यावर तो षड्जच हलवतो. दोनेक बारांपुरता कोमल गंधार हा नवा षड्ज होतो. सगळी खोली एकदम वेगळ्या उजेडात दिसते आणि पुन्हा मूळ घरी परततो. शेवटच्या मुखड्यात चंद्राचा रंग बदलून सोनेरी झालेला असतो. मुखडा तोच, स्वर तेच, कॉर्ड त्याच. ज्या चक्रात पहिल्यांदा विरह ऐकला, त्याच चक्रात आता आनंद ऐकायचा. हार्टच्या ‘बाजारू’ शब्दांची ही खरी करामत आहे. चाल दोन्ही भाव पेलते हे त्याला चौथ्या खेपेला उमगलं.

त्याच्या स्वतःच्या आयुष्यात सोनेरी भाग आला नाही. उंची पाच फुटांहून कमी, आपण कुणाला आवडण्याजोगे नाही ही पक्की समजूत, आणि दारू. चरित्रकार लिहितात की त्याचं मन पुरुषांकडे ओढ घेई. त्या काळी ते उघड बोलणं अशक्य होतं. रॉजर्सनं ऑस्कर हॅमरस्टाइनबरोबर ‘ओक्लाहोमा!’ केलं, ते ३१ मार्च १९४३ रोजी ब्रॉडवेवर उघडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात हार्ट न्यूमोनियानं गेला, वय ४८. पाच वर्षांनी एमजीएमनंच या दोघांवर ‘वर्ड्स अँड म्युझिक’ नावाचा चित्रपट काढला. त्यात मेल टॉर्मे ‘ब्लू मून’ गातो. ज्या स्टुडिओनं या चालीला फारसा थारा दिला नव्हता, त्याच स्टुडिओनं ती शेवटी सजवून पडद्यावर आणली. हार्टचं दुःख मात्र त्या चित्रपटानं एका बाईच्या नकारावर घालून मोकळं केलं. मला तो चित्रपट बघवत नाही.

जॅझनं हे गाणं किती लवकर आपलं केलं पाहा. कासा लोमा ऑर्केस्ट्राची तबकडी १९३४ च्या अखेरीस निघाली आणि गाजली. मार्च १९३५ मध्ये, म्हणजे गाणं छापून जेमतेम काही महिने झाले असताना, पॅरिसमध्ये सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स ते वाजवतोय. साथीला मिशेल वॉर्लोपचा वाद्यवृंद, गिटारवर जँगो राइनहार्ट आणि पियानोवर, नेहमीचं व्हायोलिन बाजूला ठेवून, स्तेफान ग्रापेली. हॉकिन्स मुखडा सांगतो आणि मग त्या चार कॉर्डांच्या चक्रात स्वतःची वाट काढतो. आपल्या गवयानं बंदिश भरून झाल्यावर विस्ताराला बसावं तसंच ते.

(येथे कोलमन हॉकिन्स यांच्या ध्वनिमुद्रणाचा भाग ऐकवण्यात आला.)

१९५२ साली बिली हॉलिडेनं हे गायलं. तिच्या साथीला ऑस्कर पीटरसनचा पियानो. ती शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते, आणि शेवटी चंद्र सोन्याचा झाला असं ती म्हणते तेव्हा तिच्यावर पुरता विश्वास बसत नाही. १९५६ साली एला फिट्झजेराल्डनं रॉजर्स-हार्टच्या गाण्यांचा मोठा संच केला, त्यातही हे आहे. एलाकडे सगळं जागच्या जागी असतं. विरह असतो, भेट असते, प्रत्येक अक्षर धुतल्यासारखं स्वच्छ. शिकायला बसायचं तर एलाकडे बसावं. पण मघाच्या त्या दोन माणसांना एका घरात सुखानं नांदवणं म्हणजे हेच, आणि त्यात दोघांनाही थोडं हळू बोलावं लागतं.

मोठ्यानं बोलायची पहिली सोय एल्व्हिस प्रेस्लीनं केली. हे ध्वनिमुद्रण १९ ऑगस्ट १९५४ चं, मेम्फिसच्या सन स्टुडिओतलं. एल्व्हिस १९ वर्षांचा. स्कॉटी मूरची गिटार, बिल ब्लॅकचा बास, आणि घोडा अंधारात सावकाश चालावा असा टपटप ठेका. त्यानं काय केलं? अंतरा टाकला. शेवटचा सोनेरी मुखडाही टाकला. उरला तो फक्त चंद्राशी बोलणारा एकटा माणूस. शब्द संपले की तो वरच्या, चोरट्या आवाजात नुसता आकार धरून कण्हतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. कुणी येत नाही, उजाडत नाही. स्टुडिओच्या सॅम फिलिप्सनं ते बाहेर काढलंच नाही. आरसीए कंपनीनं एल्व्हिसचा करार विकत घेतल्यावर १९५६ च्या त्याच्या पहिल्या मोठ्या तबकडीवर ते आलं.

(येथे एल्व्हिस प्रेस्ली यांचे ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकवण्यात आले.)

रॉजर्सनं घातलेला कोमल गंधाराचा तो अप्रतिम झोत इथे नाही. संगीतकाराच्या दृष्टीनं हा गुन्हाच म्हणावा लागेल. पण मघाचं तिसरं गाणं आठवा, नाइटक्लबमधल्या त्या बाईचं, जिच्या वाट्याला भलं काही आलंच नाही. मेम्फिसच्या या पोरानं ते गाणं ऐकलं असण्याचा संभव जवळजवळ शून्य. तरी कात्री लावता लावता तो नेमका तिथे पोचला. बाजारासाठी जोडलेला गोड शेवट काढून टाकला की खाली हार्टचा जुना सल तसाच होता.

आता पिट्सबर्गच्या त्या पाच तरुणांकडे, ‘द मार्सेल्स’ या गटाकडे वळतो. माझा जीव इथे अडकलाय, तेव्हा थोडा जास्त वेळ घेईन.

पिट्सबर्ग हे पेनसिल्व्हेनियातलं पोलादाच्या कारखान्यांचं शहर. तिथली ही पाच मुलं. कॉर्नेलियस हार्प मुख्य गायक, फ्रेड जॉन्सन खर्जाचा धनी, शिवाय रॉन मंडी, जीन ब्रिकर आणि रिचर्ड क्नॉस. पहिल्यांदा नाव घेतलेले तिघे काळे, ब्रिकर आणि क्नॉस गोरे. ‘मार्सेल’ हे केसांना लाटा पाडण्याच्या पद्धतीचं नाव, त्यावरून गटाचं नाव पडलं. ही मंडळी डू-वॉप गात. डू-वॉप म्हणजे वाद्यांवाचून जमणारं मोठ्या शहरांतल्या काळ्या वस्त्यांतलं गाणं. पियानो घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा खर्जवाला बासची जागा घेणार, दोघेतिघे मिळून कॉर्ड धरणार, आणि निरर्थक बोलांनी ठेका राखणार. गायची जागा म्हणजे इमारतीचा जिना नाहीतर भुयारी रेल्वेचं स्टेशन, कारण तिथे आवाज घुमतो.

या पोरांच्या हातात कॉर्डचं शास्त्र कुठून आलं? रेडिओतून आणि तबकड्यांतून, म्हणजे ‘ब्लू मून’सारख्याच गाण्यांतून. षड्ज, धैवत, रिषभ, पंचम हे चक्र त्यांनी उचललं, तिसऱ्या जागी बऱ्याचदा रिषभाऐवजी मध्यम ठेवला, आणि त्यावर पन्नासच्या दशकात शेकडो गाणी बांधली. पुढे त्या चक्राला डू-वॉपचंच नाव पडलं. तेव्हा मार्सेल्सनी परक्याच्या घरात घुसून भांडी फोडली, असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब बघावा. गेली दहाबारा वर्षं त्यांची सगळी जमात याच चार कॉर्डांवर जगत होती.

ध्वनिमुद्रण १५ फेब्रुवारी १९६१ चं, न्यूयॉर्कमधलं. कंपनी कोलपिक्स, निर्माता स्टू फिलिप्स. सुरुवातीची खर्जातली ती बोलांची फैर त्यांनी कॅडिलॅक्स या गटाच्या ‘झूम’ गाण्यावरून घेतली होती. फिलिप्सला ती जुन्या एखाद्या चालीला जोडून हवी होती. गटातल्या एकाला ‘ब्लू मून’ येत होतं, त्यानं बाकीच्यांना ते घाईघाईत शिकवलं, आणि स्टुडिओची वेळ संपता संपता ध्वनिमुद्रण उरकलं.

(येथे द मार्सेल्स यांचे ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकवण्यात आले.)

सभागृहात बऱ्याच जणांचे पाय हलताना दिसले, त्याचा मला आनंद आहे.

काय ऐकलंत ते जरा उलगडू. फ्रेड जॉन्सनच्या खर्जाला अर्थ नाही, पण तराण्याच्या बोलांना तरी कुठे असतो? ते बोल म्हणजे लय बोलते आहे. मूळ गाण्यात कॉर्ड खाली, नजरेआड फिरत होत्या. इथे त्या माणसांच्या तोंडून बाहेर आल्या आणि सगळ्यांत पुढे उभ्या राहिल्या. रॉजर्सच्या इमारतीचा सांगाडा पहिल्यांदा उघड्यावर दिसला. शब्द कॉर्नेलियस हार्प गातो, आणि नीट गातो. त्याच्या सुरात थट्टा नाही. अंतरा आहे, सोनेरी शेवटही आहे. पण लय इतकी वेगात की पहिल्या ओळीपासूनच शेवट ठाऊक असल्यासारखा तो गातो. एकटा होतो खरा, पण ते आता हसत सांगता येतंय. एल्व्हिसनं उजेड टाकून अंधार ठेवला होता, मार्सेल्सनी उजेड आधीच लावून ठेवला. शिवाय हार्टनं एका कंठासाठी लिहिलेलं गाणं पाच कंठ वाटून घेतायत. आपण एकटे आहोत हे पाच जणांनी मिळून म्हटलं की त्यातला एकटेपणाच विरघळतो.

रॉजर्सना आपल्या चालींशी केलेली सलगी खपत नसे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांच्याविषयी मला आदर आहे. स्वर मोजून मापून मांडणाऱ्या माणसाला आपली लय कुणी दामटलेली कशी आवडेल? पण हा आक्षेप मान्य केला तर हॉकिन्सलाही पिंजऱ्यात उभं करावं लागेल. त्यानंही मुखडा सांगून झाल्यावर रॉजर्सचे स्वर सोडून दिले होते. बिली हॉलिडेनं लय ओढली होती. त्यांना ‘आविष्कार’ म्हणायचं आणि पिट्सबर्गच्या मुलांना ‘विटंबना’, यामागे संगीताचा निकष कुठे आहे ते मला कुणी दाखवावं. मला तरी तिथे वयाचा आणि वर्गाचाच निकष दिसतो.

३ एप्रिल १९६१ च्या आठवड्यात हे गाणं ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं. ब्रिटनमध्येही ते पहिलं आलं. अमेरिकेत त्यानं ज्या गाण्याला खाली ढकललं ते होतं एल्व्हिसचं ‘सरेंडर’. आणि ‘सरेंडर’ तरी काय होतं? ‘तोर्ना अ सुरिएंतो’ या इटलीतल्या नेपल्सच्या जुन्या गाण्याची चाल, नवे इंग्रजी शब्द.

त्या पाच जणांचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. गाणं गाजलं तसे दौरे आले, आणि दौरे दक्षिणेतल्या राज्यांत गेले. १९६१ ची अमेरिकेची दक्षिण म्हणजे काळ्यागोऱ्यांना एका खाणावळीत बसू न देणारी दक्षिण. तीन काळी आणि दोन गोरी मुलं एका रंगमंचावर खांद्याला खांदा लावून उभी राहतात, हेच तिथे सहन होण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी ब्रिकर आणि क्नॉस बाहेर पडले आणि गट पूर्ण काळ्यांचा झाला. ज्या पाच कंठांनी ते ध्वनिमुद्रण केलं, ते वर्षभरसुद्धा एकत्र राहू शकले नाहीत. आत्ता ऐकलेल्या त्या दोन-सव्वादोन मिनिटांत दोन्ही रंगांचे आवाज मिसळलेत आणि नुसत्या कानानं ते वेगळे करता येत नाहीत. दर्दी मंडळींनी जिला उथळ म्हणून हिणवलं, त्या तबकडीत हे आहे.

या गाण्याची वाट अजून थांबलेली नाही. १९८९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटी या फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांनी ते उचललं. संघाचा रंग निळा, एवढं कारण पुरलं. पुढे संघाचे वाईट दिवस आले. १९९८ साली तो तिसऱ्या श्रेणीत घसरला. हजारो माणसं संथ लयीत, गळे काढून, फक्त पहिला मुखडा गात. अंतरा नाही, सोनेरी शेवट नाही, म्हणजे एल्व्हिसचीच कात्री. आता त्या क्लबकडे पैसा आहे, कपाटभर चषक आहेत, तरी पाठीराखे गातात तो एकट्या माणसाचाच मुखडा.

आणि जॅझ? मार्सेल्सच्या गदारोळानंतर जॅझवाल्यांनी हे गाणं सोडून दिलं असेल असं कुणाला वाटेल. बरोबर पुढच्याच वर्षी, मार्च १९६२ मध्ये, हॉलीवूडच्या एका क्लबात आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्सनी ते वाजवलं. ट्रम्पेटवर तेवीस वर्षांचा फ्रेडी हबर्ड. लय संथ, आणि तो अंतऱ्यातल्या त्या कोमल गंधाराच्या उजेडात येतो ते ऐकण्यासारखं आहे. रॉजर्सच्या घराची एक वीटही हललेली नाही. ‘थ्री ब्लाइंड माइस’ या त्यांच्या तबकडीवर ते मिळतं. वेळ संपत आलीय, तेव्हा माझं बोलणं इथे थांबवतो आणि हे शेवटचं ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकवतो. प्रश्न असतील ते नंतर अवश्य विचारा.